जमीन वाढली, भांडण मिटले नाही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



दोन भावांत वाटणीवरून धुसफूस सुरू झाली, की गावातले शहाणे सांगतात, 'भांडू नका. शेजारचे रान विकायला निघाले आहे, ते घ्या, दोघांचेही भागेल.' रान घेतले जाते. चार पावसाळे बरे जातात. मग त्या नव्या रानाच्या बांधावरच काठ्या निघतात. अमेरिकेने साठ वर्षे नेमके हेच केले. त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

आपल्याला सांगितली जाणारी गोष्ट वेगळी असते. पश्चिमेकडे रान मोकळे पडले होते, कष्टाळू माणसे गाड्या जुंपून गेली, त्यांनी नांगर धरला आणि देश उभा केला. यातले कष्ट खरे आहेत. 'मोकळे रान' मात्र खरे नाही. आणि ते रान कोणी कसायचे यावरून एक देश फुटायला आला, हे त्या गोष्टीत कोणी सांगत नाही.

१८०३ साली अमेरिकेने फ्रान्सच्या नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरला मिसिसिपी नदीच्या पलीकडचा मुलूख घेतला. आठ लाखांहून अधिक चौरस मैल! देश एका खरेदीखतात दुप्पट झाला. त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जमातींना ना विकणाऱ्याने विचारले, ना घेणाऱ्याने.

आता घरातले भांडण पाहा. दक्षिणेत मोठे मळे आणि त्यांवर राबणारे आफ्रिकी गुलाम. उत्तरेत घरच्या माणसांच्या बळावर शेती करणारे कुणबी. १७९३ साली इली व्हिटनी याने कापसातली सरकी काढण्याचे यंत्र केले. यंत्र आले म्हणजे माणसाचे कष्ट कमी होणार, असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. सरकी झटपट निघू लागली, म्हणून कापूस वाढला. कापूस वाढला, म्हणून वेचणारे हात जास्त लागले. १७९० साली सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० साली ते चाळीस लाखांच्या घरात गेले.

कापसामागून कापूस घेतला की जमिनीचा कस जातो, हे तुम्हाला सांगायला नको. मळेवाला जुने रान सोडून पश्चिमेकडे सरके, गुलामांना घेऊन. उत्तरेतल्या कुणब्याच्या धाकट्या पोरालाही तेच रान हवे होते. फुकट राबणारे शंभर हात ज्याच्याकडे आहेत, त्याच्या शेजारी बायकापोरांसह राबणारा टिकेल कसा? उत्तरेतल्या सगळ्यांना काळ्या माणसाचा कळवळा होता असे समजू नका. ऑरेगॉनने १८५७ साली आपल्या घटनेत गुलामीला बंदी केली, आणि त्याच घटनेत काळ्या माणसाला येऊन वसायलाही बंदी केली.

यात दिल्लीसारखे राजकारणही होते. तिथल्या सेनेट नावाच्या वरच्या सभागृहात राज्य लहान असो की मोठे, प्रत्येकाला दोन जागा. म्हणजे नवे राज्य झाले की दोन मते वाढली. १८१९ साली गुलामीची राज्ये अकरा आणि बिनगुलामीची अकरा. मिसूरी राज्यात यायला निघाले आणि तराजू हलला. तोड काढली ती वाटणीची. १८२० साली मिसूरी गुलामीचे, मेन बिनगुलामीचे, आणि उरलेल्या मुलखात नकाशावर आडवी रेघ. रेघेच्या वर गुलामी नाही, खाली चालेल. माणसाला विकावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर पट्टी ठेवून दिले!

रान कमी पडले तेव्हा आणखी घेतले. जॉर्जियातले चेरोकी लोक शेती करीत, त्यांची स्वतःची लिपी होती, १८२८ पासून स्वतःचे वर्तमानपत्र होते. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकाल कागदावर राहिला. १८३८ साली लष्कर आणून त्यांना पश्चिमेकडे हाकलले. सुमारे सोळा हजार लोक काढले, त्यातले अंदाजे चार हजार मेले. त्यांच्या जमिनी गोऱ्यांना वाटल्या गेल्या.

मग टेक्सास. मग १८४६ ते १८४८ मेक्सिकोशी लढाई आणि पॅसिफिक महासागरापर्यंतचा मुलूख. लढाई सुरू असतानाच डेव्हिड विल्मॉट या सभासदाने मांडले, की जो मुलूख मिळेल त्यात गुलामी नको. खालच्या सभागृहाने मान्य केले, सेनेटने अडवले. रान ताब्यात यायच्या आधीच बांधावर काठ्या!

१८५४ साली स्टीफन डग्लस या पुढाऱ्याने नवी युक्ती काढली. रेघ पुसा. कॅन्सस आणि नेब्रास्कात जे वसतील त्यांनीच मतदानाने ठरवावे. ऐकायला किती लोकशाहीचे! पण तिथला मूळचा माणूस मतदार नाही आणि गुलामही मतदार नाही. उरले कोण? मार्च १८५५ मध्ये मतदान झाले. पात्र मतदार सुमारे २,९०० आणि मते पडली सहा हजारांहून अधिक! शेजारच्या मिसूरीतून टोळ्या आल्या आणि मते टाकून परत गेल्या. पुढच्या वर्षी कॅन्ससमध्ये जाळपोळ आणि खून सुरू झाले. राजधानीत तर चार्ल्स समनर या सेनेटराला गुलामीविरुद्ध भाषण केले म्हणून एका दक्षिणी सभासदाने सभागृहातच काठीने झोडपले.

याच वादातून १८५४ साली रिपब्लिकन पक्ष निघाला. त्याचे म्हणणे फार जहाल नव्हते. आहे तिथल्या गुलामीला हात लावत नाही, नव्या रानात मात्र ती नको. एवढ्यावर १८६० साली अब्राहम लिंकन निवडून आला, आणि एवढ्यावर एकामागून एक अकरा राज्ये फुटली. चार वर्षांच्या यादवीत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. १८६५ साली गुलामी कायद्याने संपली.

कुणब्याला जमीन देण्याचा कायदा पाहा म्हणजे गुंता उलगडेल. हे विधेयक १८६० साली दोन्ही सभागृहांत मंजूर झाले होते. अध्यक्ष ब्युकॅनन यांनी ते फेटाळले. लहान शेतकऱ्यांनी पश्चिम भरली तर आपली मते कमी होतील, हे दक्षिणेचे मळेवाले जाणून होते. ते सभागृह सोडून गेले आणि २० मे १८६२ रोजी कायदा झाला. १६० एकर, पाच वर्षे राहून कसा, जमीन तुमची. पुढे सुमारे सोळा लाख दावे कायम झाले. जमीन कधीच कमी नव्हती, भावांनो. अडले होते मतांवर.

पण याच वर्षाची दुसरी नोंदही वाचा. मिनेसोटातल्या डकोटा लोकांनी करार करून जमिनी दिल्या होत्या. कराराचे पैसे वेळेवर आले नाहीत, व्यापारी उधार देईनात, घरात दाणा नाही. ते उठले. २६ डिसेंबर १८६२ रोजी त्यांच्यातल्या ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिली. मंजुरी लिंकनचीच होती. आणि रेल्वे कंपन्यांना सरकारने एकूण सुमारे तेरा कोटी एकर जमीन दिली. कुणब्याला १६० एकर मिळाले, पण त्याचा गहू बाजारात न्यायचा तो त्याच कंपन्यांच्या गाडीने आणि त्यांनी सांगितलेल्या भाड्याने. १८६७ पासून तिथे शेतकऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या त्या यामुळे.

या भांडणाची झळ आपल्या शिवारालाही लागली. यादवीत दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि मुंबईत शेअरांचा सट्टा पेटला. १८६५ साली तिकडे लढाई थांबली, इकडे भाव कोसळले. कर्ज राहिले. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यामागे सारावाढीसारखी इतर कारणे होती, पण भावाची ही पडझडही होती.

म्हणून सांगतो, कोणी नवे रान दाखवले की आधी तीन गोष्टी विचारा. त्यावर आज कोण राहतो? उद्या त्यात कोण राबणार? आणि हे ठरवताना त्या दोघांचे मत कोणी घेतले का? अमेरिकेने हे विचारायचे साठ वर्षे टाळले. प्रत्येक वेळी रान वाढवले आणि उत्तर पुढे ढकलले. शेवटी व्याजासकट फेड झाली, आणि ती केली बहुतेक शेतकऱ्यांच्या पोरांनी, कारण दोन्ही बाजूंच्या फौजांत तीच होती.