जवानाच्या घरावरील कर



दरवर्षी 7 डिसेंबर रोजी सशस्त्र सेना ध्वज दिन पाळला जातो. ही प्रथा 1949 पासून चालत आली आहे. त्या दिवशी छातीवर लहानसा ध्वज लावून निधीस हातभार लावणारे नागरिक पुष्कळ आहेत. परंतु सैनिकाला मिळालेली करसवलत त्याच्या घरापर्यंत पोचली किंवा कसे, याची विचारपूस करणारे थोडे.

आपल्या देशात वेतनावरील प्राप्तिकर केंद्र सरकार आकारते. राज्यांना तो अधिकार नाही. मात्र संविधानाच्या 276 व्या अनुच्छेदानुसार राज्यांना व्यवसाय कर लावता येतो. त्याची वार्षिक मर्यादा 2,500 रुपये आहे. महाराष्ट्रात हा कर 1975 च्या अधिनियमाने आला. भूदल, नौदल व वायुदल यांतील जे सैनिक राज्यात सेवा बजावतात आणि ज्यांचे वेतन संरक्षण खात्याच्या तरतुदीतून निघते, त्यांना या करातून सूट आहे. ही सूट सेवेत असेपर्यंतच. निवृत्त हवालदार बँकेत पहारेकरी म्हणून लागला, की इतरांप्रमाणे त्यालाही हा कर लागू होतो.

घरपट्टीची गोष्ट वेगळी आहे. 2020 मध्ये राज्य शासनाने बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना एका मालमत्तेपुरती करमाफी दिली. गावाप्रमाणेच शहरातील घरांचाही तीत समावेश आहे. परंतु माफी आपोआप मिळत नाही. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो.

येथेच गाडे अडते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडलेला आहे. जेथे घरोघरी फौजी आहेत, तेथे अशी माहिती बोलता बोलता मिळते. पण ज्या वाडीतून एकच मुलगा फौजेत गेला, तेथील वृद्ध वीरपत्नीला हे सांगणार कोण? घरपट्टीचे बिल आले की ती निवृत्तिवेतनातून रक्कम भरते आणि पावती जपून ठेवते.

म्हणून ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील माजी सैनिकांची व वीरपत्नींची यादी करावी आणि वसुलीपूर्वी एकदा त्यांच्या दारी जावे. गावातील शिकलेल्या तरुणांनी अर्ज लिहून द्यावेत, दाखल्यासाठी सोबत जावे. वाचणारी रक्कम कदाचित थोडी असेल; पण ज्या घराने देशाला माणूस दिला, त्या घराला हक्काच्या सवलतीसाठी खेटे घालावे लागू नयेत.