मशीन कुणाच्या हातात?

(खाडीकाठच्या बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी होडीच्या मागे लावतात त्या आउटबोर्ड मशीनविषयी बोलणार आहे. बायकांच्या मेळाव्यात हे कशाला, असे वाटेल. पण मालकी एकीची आणि ताबा दुसऱ्याचा, हे आपण घरात, शेतात पाहतो, तेच इथेही आहे.

सिंधुदुर्गातल्या ज्या गटाबरोबर मी काम करते, त्यातल्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. होडी गटाच्या नावावर, कर्जही गटाच्या नावावर. मशीन मात्र रोजावरचा माणूस चालवायचा. ते तापू लागले. बझर वाजला की बंद करायचे, निवले की पुन्हा चालू. दोनदा दुरुस्ती झाली. काय बिघडले ते बायकांना कुणी सांगितले नाही, पैसे किती तेवढे सांगितले. अध्यक्षबाई विचारायला गेल्या तर उत्तर मिळाले, "वयनी, घोवाक धाडा. मशिनीचा काम बायलमाणसाचा न्हय."

तिसऱ्या वेळी गटाने ठरवले, मशीन आपल्यासमोर उघडायचे. दुसरा मेकॅनिक तयार झाला. तेव्हा कळले की हे मशीन खाडीचेच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते. पाणी ओढणारा रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, ओहोटीच्या गढूळ पाण्यातल्या वाळूने झिजतो. फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतले नाही तर आतल्या वाटांत मीठ साचते. मागून पाण्याची बारीक धार पडते, ती मंदावली की समजावे, पाणी नीट फिरत नाही. आमच्या मशीनमध्ये मीठ घट्ट बसले होते, वरचा हेड वाकला होता. दुरुस्तीपेक्षा नवे घेणे शहाणपणाचे ठरले.

नवे घेताना बायकांनी आधी होडीच्या मागच्या फळीची उंची मोजली. मशीनचा दांडा लांब झाला तर चिखलात रुततो, आखूड झाला तर पाण्याऐवजी हवा ओढतो आणि मशीन पुन्हा तापते. बिल आणि वॉरंटीचे कार्ड गटाच्या नावाने मागून घेतले. माहितीपुस्तक इंग्रजीत होते. गटातल्या एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने त्यातले महत्त्वाचे तेवढे मराठीत वहीत उतरवले.

नव्या मशीनचे पहिले १० तास फार जपायचे असतात. आतले नवे भाग एकमेकांवर नीट बसायचे असतात. आमच्या पुस्तकाप्रमाणे पहिला तास अर्ध्या वेगापर्यंत, दुसरा पाऊण वेगापर्यंत. पुढचे ८ तास वेग बदलत राहायचे, पण पूर्ण वेग सलग ५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. २० तासांनी पहिली सर्व्हिसिंग, तेलबदल.

या १० तासांत पर्यटक घ्यायचे नाहीत, असे ठरले. म्हणजे तेवढी कमाई बुडणार. घरून बोलणी बसली. जेटीवरची मुले म्हणाली, "द्या इकडे, एका दमात पळवून दाखवतो." बायकांनी दिले नाही. एक वयस्क तांडेल काका सोबत बसले, पण दांडा आळीपाळीने सहाजणींनी धरला. किती तास, कुठला वेग, धार कशी, हे दर फेरीला वहीत लिहिले. पहिल्या दिवशी हात थरथरत होते. चौथ्या दिवशी एकजण आवाजावरून सांगू लागली, "आता याला जरा मोकळे सोडा."

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत स्त्री लाभार्थींना ६० टक्के अनुदान ठरले, सर्वसाधारण प्रवर्गातल्या पुरुषांना ४० टक्के. म्हणून कागदावर बायकोचे नाव लावायला आता घरचेही तयार असतात. पण नाव तिचे आणि किल्ली त्याची, असे झाले तर हाती फक्त कर्ज उरते.

तेव्हा माझी सूचना अशी. गटाला यंत्र मिळेल तेव्हा किमान दोघींना ते चालवण्याचे आणि सांभाळण्याचे प्रशिक्षण मिळावे, असा आग्रह धरा. चालवण्याचा परवाना लागत असेल तर तोही बायकांनी काढावा. पाने, जादा इम्पेलर आणि नोंदवही गटाच्या पेटीत ठेवा. दुरुस्तीला दोघी जा आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. मेकॅनिक कंटाळला तरी विचारत राहा. पैसे आपण देतो आहोत.

ज्यांच्याकडे पिठाची गिरणी, पंप किंवा मसाल्याचे यंत्र आहे, त्यांनीही आज घरी गेल्यावर पाहावे, त्याची वही आहे का, आणि ती कोण लिहिते.