शुक्रवारचा आकडा

(सोनाळा, ता. संग्रामपूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलले तसेच ठेवून थोडेफार नीट करून छापत आहोत.)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पण आज कविता वाचणार नाही, पिक्चरवर बोलणार आहे. हसू नका. मघाशी पारावर बसलो तर पोरांची चर्चा काय? कोणत्या पिक्चरनं तीन दिवसांत किती कोटी ओढले. कापसाचा भाव विचारला तर दोघांनी दोन सांगितले. पिक्चरचा धंदा मात्र सगळ्यांना पाठ. मुंबईत आमच्या गोदीतही तेच. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मोबाईल उघडतात, आणि शुक्रवारचा आकडा आला की शनिवारी सगळे टीकाकार. कोटी पडले तर पिक्चर चांगला, नाही पडले तर फालतू.

मीही त्यातलाच. ते आधी कबूल करतो.

४ मार्च २०२२ ला नागराज मंजुळेचा 'झुंड' लागला. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे सरांच्या कामावरचा पिक्चर. अमिताभ बच्चन त्यात मास्तर. मी बघायचा ठरवून होतो, पण पाळी दुसरी होती. सोमवारी टोळीतल्या एकानं विचारलं, "कसा आहे रे?" मी मोबाईलवर पाहिलेलं होतं, की तीन दिवसांत साडेसहा कोटींच्या आसपास. मी म्हणालो, "फ्लॉप आहे." न पाहता. त्यानं तिकिटाचे पैसे बाजूला काढले होते, ते त्यानं पोरीच्या वह्यांना घातले. वह्यांना घातले ते बरंच झालं. पण माझ्या तोंडून तो शब्द आला कसा, हे मला अजून टोचतं. मी दलित, मी कवी, मी चळवळीतला, आणि माझं मत बनवून दिलं कोणी? मल्टिप्लेक्सच्या गल्ल्यानं.

तेव्हा हा गल्ला कसा भरतो ते बघू. दोनशे रुपयांचं तिकीट घ्या. १८ टक्के जीएसटीच्या हिशोबानं त्यातले साडेतीस रुपये सरकारचे. उरले एकशे साडेएकोणसत्तर. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं भांडण होऊन दोन महिने हिंदी पिक्चर अडले होते. त्यानंतर जो करार झाला त्यात पहिल्या आठवड्याला निम्मे वितरकाचे, दुसऱ्याला साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्याला साडेसदतीस, पुढं तीस. म्हणजे पिक्चर जितका जुना, तितका पिक्चरवाल्याचा वाटा कमी. म्हणून सगळी आग पहिल्या तीन दिवसांची. शुक्रवारी धडाका झाला नाही की सोमवारी खेळ कमी, पुढच्या शुक्रवारी बाहेर. आणि जो माणूस पगार झाल्यावर, मजुरी हातात आल्यावर, सुट्टी मिळाल्यावर पिक्चरला जातो, तो या तीन दिवसांत बसतच नाही. तो येतो तेव्हा पोस्टर बदललेलं असतं. त्याचं मत मोजणीत नाही. ज्याच्या खिशात शुक्रवारी पैसे आहेत त्याचंच मत छापून येतं, आणि त्याला नाव पडतं 'प्रेक्षकांचा कौल'.

गोदीत टॅली क्लार्क असतो. तो नग मोजतो. कोणाच्या पाठीवरून गेले ते त्याच्या वहीत नसतं. बॉक्स ऑफिस म्हणजे तीच वही. पण आपण ती धम्मपदासारखी वाचायला लागलो.

'झुंड' लागून आठवडा झाला आणि ११ मार्चला 'द काश्मीर फाइल्स' आला. पहिल्या शुक्रवारी साडेतीन कोटींच्या आसपास, रविवारी पंधरा. त्याच्यासाठी पडदे वाढत गेले. मध्य प्रदेश, गुजरात, हरियाणा अशा राज्यांनी आपल्या वाट्याचा कर सोडला. अडीचशे कोटींच्या वर गेला. आता नीट ऐका. घरदार सोडून रातोरात निघावं लागलेल्या पंडितांच्या दुःखाची टवाळी आपण करणार नाही. गाव सोडावं लागणं म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. सवाल वेगळा आहे. 'झुंड'च्या निर्मात्या सविता राज हिरेमठ यांनी तेव्हाच जाहीर विचारलं होतं, की आमचा पिक्चर करमुक्त का नाही? कोणत्या दुःखावर कर घ्यायचा आणि कोणत्या दुःखावर सोडायचा, हे कोण ठरवतं? तिथं ना बाजार होता, ना प्रेक्षक. तिथं मंत्रालय होतं.

मी 'झुंड' शेवटी पाहिला, दुसऱ्या आठवड्यात, रात्रीच्या खेळाला. आम्ही सगळे मिळून अकरा जण. जयंतीचा प्रसंग येतो, डीजे, निळा गुलाल, आणि बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभा राहतो. मागं कोपऱ्यात एक म्हातारा बसला होता, वॉचमनच्या कपड्यातला. तो एकटाच उठून मोठ्यानं म्हणाला, "जय भीम!" रिकाम्या थेटरात त्याचा आवाज घुमला. आम्ही दहाही जणांनी जबाब दिला. हे सांगायला मला दुसऱ्या दिवशी टोळीत तोंड नव्हतं. फ्लॉप मीच म्हणालो होतो ना.

कोणी म्हणेल, 'सैराट'चं काय? तो तर आपल्याच माणसाचा आणि त्यानं शंभर कोटी केले. केले. २९ एप्रिल २०१६ ला लागला, मराठीत एवढा धंदा त्याआधी कोणी केला नव्हता. गावोगाव ट्रॅक्टर भरून लोक गेले. मला अभिमान आहे. पण शंभर कोटी जातीविरुद्ध पडले असं कोणी म्हटलं तर मी म्हणेन, थांब. थेटरात झिंगाटवर पैसे उधळणाऱ्यांत परश्याच्या बाजूचे किती आणि आर्चीच्या भावाच्या बाजूचे किती, हे गल्ल्याला कळत नाही. माझी आई तो पाहून आली. शेवटी ते लेकरू रक्ताचे पाय घेऊन दाराबाहेर येतं, आवाज बंद. आई घरी येऊन दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "त्याईनं पोरीच्या घरी चहा पेला नं रे आधी. चहा पिऊन मारलं काहून?" हे खरं परीक्षण. इतक्या पेपरांनी इतक्या चांदण्या दिल्या, चहाचं कोणी लिहिल्याचं मी तरी वाचलं नाही. आणि २०१८ ला त्याचाच हिंदी 'धडक' काढला तेव्हा जात धुऊन पुसून काढली, राजवाडा घातला, उदयपूर घातलं. धंदा पाहिजे, दुखणं नको.

आता २०२५ चा 'फुले'. हा विषय मला सगळ्यात जास्त बोलायचा होता. अनंत महादेवन यांचा पिक्चर, जोतिबा-सावित्रीचा. ११ एप्रिलला, म्हणजे जोतिबांच्या जयंतीलाच लागणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आरडाओरड केली, सेन्सॉरनं बदल सांगितले, आणि पिक्चर गेला २५ एप्रिलवर. काय बदल? 'महार' काढा, 'मांग' काढा, 'पेशवाई' काढा. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, 'कित्येक वर्षांची' म्हणा. वा रे वा! हजेरीपटात जात, दाखल्यावर जात, मसणवट्यात जात, फक्त पडद्यावर जात नको.

मुक्ताबाई साळवे हे नाव इथं किती जणांना माहीत आहे? हात वर करा. ...तीन. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मांगाची पोर, चौदा वर्षांची. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. नाव काय निबंधाचं? 'मांग महाराच्या दुःखाविषयी'. जे दोन शब्द त्या पोरीनं स्वतः शीर्षकात घातले, तेच दोन शब्द एकशे सत्तर वर्षांनी तिच्याच मास्तराच्या पिक्चरमधून काढायला सांगितले. इंग्रजाच्या राज्यात छापता आले. बाबासाहेबांच्या संविधानाच्या राज्यात बोलता येईनात.

आणि आचार्य अत्र्यांनी १९५४ साली 'महात्मा फुले' काढला होता. मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः हजर होते, आणि त्या पिक्चरला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. म्हणजे आपण पुढं चाललो की मागं, ते तुम्हीच मोजा.

२०२५ च्या 'फुले'चा पहिल्या दिवसाचा आकडा कोटीला शिवला नाही, लाखातच राहिला. त्याच वर्षी 'छावा'चा पहिला दिवस तीस कोटींच्या वर. लगेच आपल्यातलेच शहाणे म्हणाले, समाजानं साथ दिली नाही, समाज झोपलाय. मी हे मानत नाही. दोन आठवडे तारीख पुढं, खेळ अडनिड्या वेळेला, आणि सोनाळ्याच्या मजुरानं अकोल्याला एसटीनं जाऊन, दिवसाची रोजी बुडवून, तिकीट काढून समाजनिष्ठा सिद्ध करायची? त्याला शिव्या देण्याआधी त्याच्या एका दिवसाचा हिशोब लिहा. फुकट मोबाईलवर चोरून आलेला पिक्चर पाहणाऱ्याला मात्र मी माफ करत नाही. तंबाखूला रोज पैसे निघतात.

केरळात मूकपटाच्या काळात पी. के. रोझी नावाच्या दलित बाईनं नायर बाईची भूमिका केली, तर लोकांनी पडद्यावर दगड मारले, तिला गावातून पळवून लावलं. आणि २०१४ साली लागलेल्या 'फँड्री'त जब्यानं शेवटी दगड उचलला, तो पडद्यातून सरळ आपल्याकडे आला. इतक्या वर्षांनी दगडाची दिशा बदलली. त्या शुक्रवारी धंदा किती झाला होता? मला आठवत नाही, आणि आठवायचंही नाही.

बाहेर दारात मुक्ताबाईच्या निबंधाच्या झेरॉक्स ठेवल्यात. चाळीस आहेत. छोटा आहे, रात्रीतून वाचून होतो. ज्याला वाचता येतं त्यानं एक घ्यावी आणि घरात ज्याला येत नाही त्याला मोठ्यानं वाचून दाखवावी. शब्द गाळू नका.

जय भीम.