पिस्तूल घ्यायचं, तर कोणतं?

मागच्या बैठकीत आखाड्यावर एकट्या राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "गटातून कर्ज काढून पिस्तूल घेऊ का? घ्यायचं तर कोणतं?" कुणीच हसलं नाही. रात्रीची भीती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे.

आम्ही चौकशी केली. घोड्याच्या पिस्तुलात चाप ओढला की घोडा पिनेवर आदळतो आणि गोळी सुटते. घोडा बाहेर असला, तर तो चढलेला आहे का ते डोळ्यांना दिसतं, हा फायदा. पण एक गोळी सुटली की घोडा आपोआप पुन्हा चढतो, मग चाप हलका लागतो. घाबरलेलं बोट तेवढ्यानंही ओढतं. मॅगझिन काढलं तरी नळीत गोळी राहू शकते. घरात लेकरं असतील तर हे आधी ध्यानात घ्या. निवडताना किमतीआधी आपला हात बघा: मूठ नीट बसते का, बोट चापापर्यंत पोचतं का?

आपल्याला ९ मिलिमीटरचं मिळत नाही, .३२ बोरचं मिळतं. तेही वय २१ पूर्ण असेल आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा परवाना असेल तरच. स्वस्तातला गावठी कट्टा तर नकोच! विनापरवाना हत्यार सापडलं तर २ ते ५ वर्षं कैद.

अर्ज करायचा की नाही, ते ताईच ठरवतील. तोवर आपण आखाड्यावर दिवा लावला, शेजारच्या आखाड्यांशी शिट्टीची खूण ठरवली आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात ११२ लिहिलं. आता रात्री शिट्टी वाजली, तर उठायचं आपणच.