यंत्राच्या पोटातील जमाखर्च

डिचोली तालुक्यातील एका शाळेत मी शिकवितो. तेथील संगणक जुने आहेत आणि नवे मिळण्याची आशा थोडी. एका विद्यार्थ्याने संख्यांच्या मोठ्या कोष्टकाची बेरीज करणारे दोन प्रोग्रॅम लिहिले. एक आडव्या ओळींनी बेरीज करी, दुसरा उभ्या रकान्यांनी. उत्तर एकच, परंतु दुसऱ्याला कितीतरी अधिक वेळ लागे. "सर, यंत्र बिघडले आहे," तो म्हणाला.

घड्याळ किती वेळ गेला ते सांगते. का गेला ते सांगत नाही. ते सांगणारे काउंटर प्रोसेसरच्या पोटातच असतात. किती आज्ञा पार पडल्या, जवळच्या 'कॅश' स्मृतीत हवी ती संख्या किती वेळा सापडली नाही, याची ते मूकपणे नोंद ठेवतात. १९९३ च्या पेंटियम प्रोसेसरमध्ये असे दोन काउंटर होते. पण कंपनीने त्यांचा तपशील गुप्त ठेवला होता. टेर्ये माथिसेन या नॉर्वेजियन प्रोग्रॅमरने तो शोधून १९९४ साली 'बाइट' मासिकात प्रसिद्ध केला.

मग प्रत्येक प्रोग्रॅमने ते स्वतःच का हाताळू नयेत? तिळारीच्या कालव्याचे पाणी पेडणे-डिचोलीत येते. पाटाचे दार जो तो फिरवू लागला, तर शेवटचे शेत कोरडेच राहील. काउंटरही मोजके आणि प्रोग्रॅम अनेक. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम पाटकऱ्याचे काम करते. ती पाळी लावते, पाळी संपली की त्या प्रोग्रॅमचा आकडा जपून ठेवते आणि पुढच्या पाळीला तेथूनच मोजणी सुरू करते. लिनक्सच्या गाभ्यात ही सोय २००९ पासून आहे.

यात धोकाही आहे. दुसऱ्याच्या कामाचे आकडे पाहून त्याची गुपिते ताडता येण्याचा संभव असतो. म्हणून काही ठिकाणी सामान्य प्रोग्रॅमला हे दार बंदच असते. आमच्याकडेही ते बंद होते. मी ते अर्धेच उघडले : ज्याने त्याने आपल्या प्रोग्रॅमचे आकडे पाहावेत, दुसऱ्याचे नाहीत, सिस्टिमच्या गाभ्याचेही नाहीत.

आकडे दिसताच उलगडा झाला. कोष्टक स्मृतीत आडव्या ओळींनी मांडलेले होते. उभ्या बेरजेला प्रत्येक पावलागणिक दूरच्या जागी जावे लागे, आणि कॅशमध्ये हवे ते सापडत नसे. मुलाने दोन ओळींची अदलाबदल केली. तेच जुने यंत्र झपाट्याने चालू लागले.

ज्याचे काम, त्याला त्याचा हिशेब दिसावा. शेजाऱ्याचा मात्र झाकलेला राहावा. एवढी व्यवस्था असली, तर यंत्राला दोष देण्याआधी आपली चूक आपणच शोधू शकतो.