फळ्याचा फोटो म्हणजे नोंद नव्हे



गॅदरिंगच्या पत्रिकेत माझ्या नावाखाली ‘यीस्ट आणि जनुकशास्त्र’ असा विषय छापलाय. पण शाळेच्या या सभागृहात पाऊल टाकलं आणि आमच्या जीवशास्त्राच्या बाईच डोळ्यांपुढे आल्या. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती कुणी पुस्तकातून उतरवली, की त्यांना लगेच कळायचं. पुस्तकातल्या कांद्यात हवेचे बुडबुडे नसतात, आमच्या काचपट्टीवर हमखास असायचे. “दिसलं ते लिही,” एवढंच म्हणायच्या.

हल्ली मी तंजावरला असतो. तिथे दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या काळातले नेत्ररुग्णांचे कागद अजून आहेत. तक्रार, उपचार आणि शेजारी त्या डोळ्याचं रंगीत चित्र! राजाच्या दरबारातही दिसलं ते लिहिलं जात होतं.

आता यीस्ट. पाव फुगवणारा हा एकपेशीय जीव, जनुकं सुमारे सहा हजार. १९९६ साली त्याचा सगळा जनुकसंच वाचून झाला. हिपॅटायटिस-बी विषाणूचं एकच जनुक यीस्टमध्ये घातलं, की यीस्ट त्या विषाणूच्या आवरणाचं प्रथिन तयार करतं, आणि त्याचीच लस होते. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं अशी लस १९९७ मध्ये आणली. तुमच्यापैकी बहुतेकांना ही लस टोचलेली असेल. जनुकशास्त्र एवढं पुरे.

आता पुन्हा ‘दिसलं ते लिही’कडे. शास्त्रज्ञ लेलँड हार्टवेल अमेरिकेत उष्णतेनं वाढ थांबणारे यीस्ट शोधत होते. त्यांच्याकडे पदवीला शिकणाऱ्या एका मुलानं त्या पेशींचे फोटो काढले. पेशीला फुटलेला अंकुर केवढा आहे यावरून तिचं विभाजन कुठे अडलंय ते कळू लागलं. २००१ चं नोबेल हार्टवेलना मिळालं, त्याची एक सुरुवात ही.

“तिथेही फोटोच होते की!” बरोबर आहे बाळा, मागच्या रांगेतल्या! पण त्या विद्यार्थ्यानं उष्णता देण्याआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून एकेक पेशी ताडून पाहिली. तू फळ्याचा फोटो काढतोस आणि परत उघडतोस तो परीक्षेच्या आदल्या रात्री. वही घाल. शाईनं लिही. खोडायचं झालं तर एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. पालकांनो, गॅदरिंगचं शूटिंग थोडा वेळ थांबवलंत तरी चालेल, पोरं इथेच आहेत.

आणि मुख्याध्यापिका बाई, येताना प्रयोगशाळेत डोकावलो. सूक्ष्मदर्शक नवे आहेत, पण कपाटाला कुलूप आहे. किल्ली नववीच्या मॉनिटरकडे द्या. एखादी काचपट्टी फुटली तर बिल मला पाठवा. सर घड्याळ बघताहेत, बक्षिसं सुरू करूया.