पदवी आणि जीवनाची वाट
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)

बारावीचा निकाल लागला की नेरमधील घराघरांत एकच विषय असतो : मुलामुलींनी कोणती शाखा घ्यावी? यवतमाळ, अमरावती की नागपूर? सतराव्या-अठराव्या वर्षी निवडलेल्या शाखेवरच साऱ्या जन्माचे सुख अवलंबून आहे, अशी समजूत या चर्चेमागे असते. ती कितपत खरी आहे?

भवरलालजी जैन यांचा जन्म १९३७ साली जळगाव जिल्ह्यातील वाकोद या खेड्यात झाला. त्यांनी वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण घेतले. शासकीय अधिकारपदाची संधी सोडून १९६३ मध्ये त्यांनी रॉकेलविक्रीचा व्यवसाय आरंभिला. पुढे बी-बियाणे, पाइप आणि ठिबक सिंचन या मार्गाने त्यांचे कार्य शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचले. कृषिशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. परंतु हिशेब आणि करार ज्याला समजतात, त्याला कोणत्याही उद्योगात त्या ज्ञानाचा आधार मिळतोच.

आपल्या विदर्भातील आमटे कुटुंबाचे उदाहरण अधिक बोलके आहे. बाबा आमटे वकील होते. वरोड्याची वकिली सोडून त्यांनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारले. त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश यांनी मात्र आपली वैद्यकीय विद्याच १९७३ पासून हेमलकसा येथे माडिया गोंड बांधवांच्या सेवेत लावली. पित्याने पदवीची वाट सोडली, पुत्राने ती धरली. कार्य दोघांचेही सार्थकी लागले.

याचा अर्थ शाखेला महत्त्व नाही, असा नव्हे. डॉक्टर वा सनदी लेखापाल होण्यासाठी ठरावीक शिक्षण अपरिहार्यच आहे. शिक्षणाचा खर्च आणि घरची परिस्थितीही पाहावी लागते. तथापि केवळ शेजारच्या मुलाने अभियांत्रिकी घेतली, म्हणून आपल्याही मुलाने ती घ्यावी, हा विचार घातक आहे.

पालकांनी पाल्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : कोणता विषय तू कंटाळा न करता अभ्यासतोस? त्यातून चरितार्थ कसा चालेल? आणि त्याचा उपयोग कोणाला होईल? उत्तरे ऐकताना मध्येच बोलू नये. पदवीनंतर क्षेत्र बदलले, तरी शिकलेले वाया जात नाही. मनाविरुद्ध कंठलेली वर्षे मात्र परत मिळत नाहीत.